फिरवलेला ग्लास

वाइन निवडताना माणूस जितका उघडा पडतो तितका तो न्हाणीघरातही पडत नाही, असं मृणाल देवरेचं मत होतं आणि ते तिने कष्टाने कमावलं होतं. नाशिकबाहेर, धरणाच्या पाण्याकडे तोंड करून बसलेल्या एका वायनरीत ती टेस्टिंग रूम सांभाळायची. आलेल्या पाहुण्यांना पाच वाइन्स चाखायला द्यायच्या, वास कसा घ्यायचा ते दाखवायचं आणि कुणी "यात सोडा घालता येईल का" असं विचारलं तर चेहरा हलू द्यायचा नाही, हे तिचं काम. तिने सगळे नमुने पाहिले होते. बाटलीवरचं चित्र बघून निवडणारे. किंमत विचारून मग महागातली आवडल्याचं जाहीर करणारे. शेजारचा काय घेतो ते कळेपर्यंत घोट तोंडात घोळवत बसणारे. आणि पहिल्याच घोटाशी लग्न लावून पुढच्या चारांना नावं ठेवणारे. बिल होईपर्यंत कोण घरात कसा वागत असेल याचा तिला अंदाज आलेला असायचा, आणि ही तिची फुकटची करमणूक होती.

मग वायनरीत 'कौल' आला आणि करमणूक संपली.

दिसायला कौल म्हणजे नुसता एक लांब लाकडी काउंटर. पण त्यावरचे ग्लास साधे नव्हते. ग्लासच्या दांडीतून बोटांची नाडी कळायची, तळातून प्रत्येक घोटाचं वजन. समोरच्या आरशामागचे कॅमेरे डोळ्यांच्या बाहुल्या, ओठांच्या कडेचे बारीक स्नायू आणि गिळताना गळ्याची होणारी हालचाल टिपायचे. जिभेला कडू लागलं की माणूस कितीही सभ्य असला तरी ओठाची एक कड क्षणभर खाली जाते. ती त्याला स्वतःलाही कळत नाही, पण कौलला कळायची. पाच घोटांनंतर कौल सांगायचा, यांना तिसरी वाइन आवडली, ते पाचवीचं नाव घेतील आणि बाटली मात्र पहिलीची नेतील. क्वचितच चुकायचा.

कौल बनवणाऱ्या डॉ. बेहेरे मूळच्या मानसशास्त्राच्या. पन्नाशीच्या, सडसडीत, सतत घाईत असलेल्या. एकदा त्यांनी मृणालला समजावून सांगितलं होतं. "नोकरीच्या मुलाखतीला माणूस तयारी करून येतो. लग्नाच्या बोलणीला तर घरदार तयारी करून येतं. वाइनला कुणी तयारी करत नाही, कारण तिथे काही पणाला लागलंय असं कुणालाच वाटत नाही. निवडायची यंत्रणा मात्र डोक्यात एकच असते गं. शिराझ वाइन निवडणारी वेगळी आणि घर निवडणारी वेगळी, असं नसतं."

आणि मग त्यांनी ग्लास फिरवायला सुरुवात केली.

पाहुण्याने आवडती वाइन सांगितली की मृणाल त्या ग्लासच्या दांडीत तांब्याची कडी अडकवायची आणि भरून आणायला काउंटरमागे जायची. तिथे फक्त तिलाच दिसेल असा छोटा पडदा होता. कधी त्यावर 'तीच' असं उमटायचं, कधी 'फिरवा'. फिरवा म्हणजे पाहुण्याला सगळ्यात कमी आवडलेली, त्याच रंगाची वाइन ओतायची, कडी तशीच ठेवायची आणि हसून म्हणायचं, "ही तुमची निवड. काय आवडलं हो हिच्यात?"

काही जण म्हणायचे, ही ती नाही. काही जणांच्या भुवया हलायच्या, पण ते भिडेपोटी गप्प बसून पिऊन टाकायचे. उरलेले, आणि ते निम्म्याहून जास्त असायचे, भरभरून बोलायला लागायचे. हिचा आंबटपणा कसा नेमका आहे, ही पहिल्यांदाच कशी मनात भरली होती. जी वाइन त्यांनी मघाशी तोंड वाकडं करून बाजूला सारली होती, तिच्याबद्दल. बेहेरे मॅडमनी या तिन्ही प्रकारांना नावं दिली होती: सांगणारे, गिळणारे आणि सजवणारे.

"सजवणारे खोटं बोलत नाहीत, हे लक्षात घे," त्या म्हणाल्या होत्या. "निवड त्यांचीच होती असं त्यांना मनापासून वाटतं. आणि आपण कारण विचारलं की काम पक्कं होतं. कारण एकदा त्यांच्या तोंडून निघालं की ती निवड त्यांचीच झाली. पुढच्या महिन्यात ते तीच बाटली विकत घेतात. आधी सावध केलेलं असलं तरी फसतात."

मृणालला तेव्हा गंमत वाटली होती. नंतर शनिवारी-रविवारी कंपन्यांचे गट यायला लागले. सहल म्हणून आणायचे, जेवण द्यायचे, वाइन पाजायचे. कोणाला बढती द्यायची ते मग कौलला विचारून ठरायचं. पाहुण्यांना यातलं काही माहीत नसायचं आणि मृणालने नोकरीवर घेतानाच तोंड बंद ठेवायचं कबूल केलेलं होतं. तिने कबूल केलं होतं कारण पाहुणे तिचे कुणी लागत नव्हते.

मग एका शनिवारी प्रणीतच्या कंपनीचा गट आला.

प्रणीत म्हणजे तिचा नवरा. सिन्नरकडच्या एका औषध कंपनीत प्रयोगशाळेत होता. नात्यातला माणूस आला तर काउंटरवर दुसऱ्या कुणाला उभं करायचं, असा वायनरीचा नियम होता. मृणालने तो मोडला, आणि का मोडला तर कौतुकापोटी. प्रणीतला ढोबळी मिरचीचा इतका तिटकारा होता की पुलावातला तिचा नखाएवढा तुकडाही तो ताटाच्या कडेला काढून ठेवायचा. आपला नवरा फसणार नाही, ही तिची खात्री होती, आणि ती तिला डोळ्यांनी बघायची होती.

प्रणीतने शेनिन ब्लां निवडली. गोडसर, पिकल्या पेरूच्या वासाची. सोव्हिन्यों ब्लां त्याने एका घोटात बाजूला केली होती, कारण तिला अगदी ढोबळी मिरचीचाच वास येतो. मृणालने कडी अडकवली आणि मागे गेली. पडद्यावर उमटलं: 'फिरवा'.

तिने हसतच सोव्हिन्यों ओतली.

"ही तुमची निवड, सर. काय आवडलं हिच्यात?" सगळ्यांसमोर तिने त्याला सर म्हटलं म्हणून तो गालात हसला. मग त्याने घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणाला, "हा पेरू. कुठेही ओळखेन मी. लहानपणी आमच्या मागच्या दारी झाड होतं ना, तसा. बाकीच्या सगळ्या उग्र होत्या, विशेषतः ती मिरचीवाली. ही कशी शांत आहे."

मृणालने पडद्याकडे पाहिलं. बाहुल्या स्थिर, ओठाची कड स्थिर, नाडी स्थिर. त्याच्या शेजारी बसलेला खैरनार नावाचा त्याचा सहकारीही असाच स्वतःच्या फिरवलेल्या ग्लासचे गोडवे गात होता. तिनेच त्यालाही भरून दिला होता.

दुपारी ग्लास विसळताना बेहेरे मॅडम आत आल्या. त्या खुशीत होत्या. "गंमत बघ. सगळ्या कंपन्या मला म्हणतात, सांगणारे शोधून द्या. मनातून त्यांना गिळणारे हवे असतात, ते वेगळं. पण या औषधवाल्यांनी पहिल्यापासून सजवणाराच मागितला. दोन मिळाले. त्यातला पेरूवाला तर नमुनाच आहे."

"कशासाठी हवाय?" मृणालने विचारलं. पेरूवाला आपला नवरा आहे हे तिने कळू दिलं नाही.

"नवीन पद आहे. औषधाची प्रत्येक खेप बाजारात सोडण्याआधी सही करणारा माणूस. असं का हवंय ते मी विचारत नाही बाई, मी फक्त मोजते."

मॅडम निघून गेल्या. मृणाल नळ चालू ठेवून उभी राहिली. तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. खेप सोडायची की नाही ते वर कुठेतरी ठरणार. सही करणाऱ्याच्या हातात तो निर्णय तयार देणार आणि हसून विचारणार, का सोडलीत साहेब? तो कारणं देईल. उद्या काही बरंवाईट झालं, पोलीस आले, कोर्ट उभं राहिलं, तर खोटं बोलणारा उलटतपासणीत कुठेतरी अडखळला असता. हा अडखळणार नाही. तो मनापासून सांगेल की निर्णय माझाच होता, मी नीट बघून घेतला. ते मनापासून सांगत तो तुरुंगात जाईल. तिला भीती वाटली, आणि ओल्या हातांसकट ती भीती तिच्याबरोबर घरी निघाली.

प्रणीत तिला घरी न्यायला थांबला होता; गाडीतच तिने त्याला सांगून टाकलं. कबुली गेली चुलीत. कौल, पडदा, फिरवलेला ग्लास, सगळं.

प्रणीत हसला. "अगं, मला कळलं होतं. पहिल्या घोटालाच."

"कळलं होतं? मग पेरूचं झाड कुठून आलं?"

"तुझी पंचाईत नको म्हणून बोललो. सगळ्यांसमोर तुला कसं म्हणू की तू चुकीची ओतलीस?"

"प्रणीत, मी पडदा बघत होते. तुला काहीही कळलेलं नव्हतं."

"पडद्याला काय कळतंय माझ्या मनातलं?" तो जरा दुखावल्यासारखा बोलला आणि गाडी चालवत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर लपवाछपवीचा मागमूस नव्हता. मघाचं त्याला आता असंच आठवत होतं.

मृणालने खिडकीबाहेर तोंड वळवलं. तिला त्यांच्या लग्नाची गोष्ट आठवली. प्रणीत चारचौघांत ती रंगवून सांगायचा: पोहे घेऊन आलेल्या मृणालचा आवाज ऐकला आणि तिथेच ठरवलं. खरी गोष्ट अशी होती की तो तिच्या चुलतबहिणीला, वैदेहीला बघायला आला होता. वैदेहीने ऐनवेळी नकार कळवला, थोरल्यांनी आतल्या खोलीत कुजबुज केली आणि मामांनी त्याला हसत विचारलं, "मग, आमची मृणालच आवडली म्हणायची. काय आवडलं?" तो म्हणाला, आवाज. इतकी वर्षं मृणालला हा त्याचा चांगुलपणा वाटत होता. तिचा मान राखायला तो वैदेहीचं नाव काढत नाही, असं ती समजत होती. आज गाडीत बसल्या बसल्या तिला कळलं की त्याला वैदेही आठवतच नसणार.

रविवारी सकाळी ते मखमलाबादकडे मिसळ खायला गेले. तिथे त्याने बातमी फोडली. शनिवारी संध्याकाळीच साहेबांचा फोन आला होता. नवं पद, स्वतंत्र केबिन, कंपनीची गाडी. सोमवारी सकाळी होकार कळवायचा होता.

"तू घेऊ नकोस," मृणाल म्हणाली. "त्यांना बळीचा बकरा हवाय."

"मी न बघता कशावरही सही करत नाही, तुला माहितीये."

"तू बघशील रे. पण तुला दाखवतील ते तू बघशील."

"तुला माझ्यावर इतकाही विश्वास नाही?" त्याने पाव मोडून रश्श्यात बुडवला. "दहा वर्षं खालमानेने काम केलं. आता कुठे कुणीतरी विचारलं. तर तू एका दारूच्या काउंटरचं ऐकून मला वेडा ठरवतेस."

तिने रडून पाहिलं, भांडून पाहिलं, अबोला धरून पाहिला. त्याचा काही उपयोग झाला नाही. संध्याकाळी तो आईला फोनवर नव्या केबिनचं वर्णन करत होता, आणि ते ऐकताना तिच्या मनात जे आलं, त्याची तिला प्रणीतच्या नोकरीपेक्षाही जास्त भीती वाटली. तरी तिने ते केलं.

सोमवारी सकाळी तिने चहा त्याच्या हातात दिला. टेस्टिंग रूममध्ये असते तशीच ताठ, हसरी, सहज उभी राहिली.

"मला काल तुझं बोलणं फार पटलं," ती म्हणाली. "नको म्हणून सांगतो म्हणालास, ते. इतकी चांगली संधी सोडायला धीर लागतो. पण तुझ्या आईंनी विचारलं तर मी काय सांगू? का नको वाटलं रे तुला नेमकं?"

प्रणीतचा कप ओठांपाशी थांबला. बाहेर कुणाची तरी दुचाकी सुरू होत नव्हती, तिचे हिसके ऐकू येत होते. मृणालने चेहरा हलू दिला नाही. आत्ता तो म्हणेल, मी असं कधी म्हणालो? त्याने तसं म्हणावं असं तिला वाटत होतं आणि म्हणू नये असंही वाटत होतं.

"कसं आहे," प्रणीत हळूहळू बोलू लागला, "सहीचं काम वाईट. प्रयोग दुसरा करणार, खेप तिसरा भरणार आणि नाव माझं लागणार. लहान मुलांची औषधं आहेत ती. केबिन काय, आज आहे उद्या नाही. मला रात्री झोप लागली पाहिजे."

"बरोबर," ती म्हणाली.

त्याने तिच्यासमोरच साहेबांना फोन लावला. तो इतकं नेमकं, नम्र आणि ठाम बोलला की एरवी तिचा ऊर भरून आला असता. ती ओट्याला टेकून ऐकत होती. आपण त्याला वाचवलं, असं ती स्वतःला बजावत होती. ते खरंही होतं. पण इतकी वर्षं शेजारी झोपलेल्या माणसाच्या आत हात घालून तिने एक वस्तू काढून दुसरी ठेवली होती, आणि त्याला टाचणी टोचल्याइतकंही जाणवलं नव्हतं. उद्या दुसऱ्या कुणी घातला तर? आणि आपणच पुन्हा घातला तर? त्याच आठवड्यात सुट्टीत कुठे जायचं यावरून वाद निघाला, आणि "तूच तर म्हणाला होतास" हे शब्द तिच्या तोंडात आयते आले. तिने जीभ चावली.

ते पद खैरनारला मिळालं. खैरनारने पेढे वाटले. त्याच्या घरी जाऊन त्याला सावध करावं असं मृणालच्या मनात बरेचदा आलं. पण नोकरीची भीती होती, आणि तो ऐकणार नाही हे तिला अनुभवाने माहीत झालं होतं. ती गेली नाही. आपल्यापुरतं बघितलं आणि गप्प बसली.

पावसाळा सरला, आणि एका संध्याकाळी जेवताना टीव्हीवर खैरनार दिसला. खोकल्याच्या औषधाने मुलं दगावली होती. दोन हवालदारांच्या मध्ये तो गाडीकडे चालला होता. पत्रकारांनी माइक पुढे केले तेव्हा तो थांबला आणि शांतपणे म्हणाला, "खेप सोडायचा निर्णय माझाच होता. मी स्वतः सगळं तपासलं होतं. का सोडली ते मी सांगू शकतो." आणि तो सांगू लागला.

प्रणीतने टीव्ही बंद केला. त्याचा घास हातातच राहिला होता. "मृणाल, मी नाही म्हणालो ते किती बरं झालं."

मृणालला ते सोसवेना. मुलांचे चेहरे नुकतेच पडद्यावरून गेले होते. "तू नाही म्हणाला नव्हतास," ती म्हणाली. "तुला ते पद हवं होतं. सोमवारी सकाळी चहा देताना मी तुला खोटं सांगितलं. मी तुझा ग्लास फिरवला, प्रणीत. तुझा नकार माझा होता."

तिने सगळं सांगितलं. बोलता बोलता ती रडायला लागली. प्रणीतने मध्ये एकदाही तोडलं नाही. तिचं बोलणं संपल्यावर त्याने उठून तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि त्याच्या नजरेत राग नव्हता, कीव होती.

"खैरनारचं बघून हादरली आहेस तू," तो म्हणाला. "अगं, मी रविवारी संध्याकाळीच सांगितलं होतं तुला. गच्चीत. तू दोरीवरचे कपडे काढत होतीस. मी म्हणालो, या सहीत काहीतरी काळंबेरं आहे, मी नको म्हणून कळवतो. तू इतकी दचकलीस की तुझ्या हातातला टॉवेल खालच्या पत्र्यावर पडला. मीच तो काठीने वर ओढून घेतला. विसरलीस?"

"असं काही झालं नाही," मृणाल म्हणाली. "तू फोनवर होतास. आईंशी बोलत होतास."

"ते नंतर. पिवळा टॉवेल होता."

तो इतक्या खात्रीने, इतक्या मायेने सांगत होता की तिने तो रविवार पुन्हा डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न केला. मिसळ आठवली, भांडण आठवलं. संध्याकाळ मात्र नीट आठवेना. गच्ची होती, दोरी होती. मग पत्र्यावर पडलेला पिवळा टॉवेल दिसला आणि कठड्यावरून वाकलेला प्रणीत दिसला. त्याने सांगितलं म्हणून दिसला की आधीपासून होता, ते तिला कळेना. त्या वेळी तिथे त्या दोघांशिवाय कुणीच नव्हतं.

ती उठून न्हाणीघरात गेली. पिवळा टॉवेल खुंटीवर होता. तिने तो उलगडून दिव्याखाली धरला. एका कोपऱ्यात तांबूस डाग होता. गंजाचा असेल, चहाचाही असेल. तिने तो नाकाशी नेला. या नाकावर तिचं पोट चालत होतं, पण नुसता साबणाचा वास आला.

"दिसला का डाग?" बाहेरून प्रणीतने विचारलं. "तिथला पत्रा गंजलेला आहे ना."

मृणालने टॉवेल पुन्हा खुंटीवर अडकवला.

"हो," ती म्हणाली, आणि डाग त्या दिवशी कसा पडला ते त्याला सांगू लागली.